पिवळी वायर, हिरवी वायर

ट्रॅक्टर आला, पण वाळू आला नाही, तेव्हाच धाऊच्या मनात पाल चुकचुकली.

मळणी उरकली की वैशाखऱ्याहून ट्रॅक्टर सापगावात यायचा, ही कित्येक वर्षांची रीत. आणून देणार तो वाळूच. वाळू म्हणजे धाऊच्या धाकट्या बहिणीचा, चंद्रकलेचा नवरा. हा जुना लाल विलायती ट्रॅक्टर दोघांच्या वडलांनी भातसा धरणाच्या कामावरच्या लिलावात भागीत घेतला होता. म्हातारे गेले, भागी राहिली. पावसाळ्याआधीची नांगरणी आणि वेलभाजीची शेतं सापगावात, चिखलणी नि मळणी वैशाखऱ्यात. देखभाल मात्र सगळी वाळूकडे. त्याच्या हाताला यंत्राची भाषा कळते असं धाऊचे वडील म्हणायचे, आणि ते धाऊला कधीच आवडलं नव्हतं.

यंदा ट्रॅक्टर घेऊन आला टोकावड्याचा कोणीतरी ड्रायव्हर. किल्ली हातावर ठेवली, पाणीसुद्धा न पिता आल्या पावली परत गेला. धाऊने फोन लावला.

"दाजी, तुमी का नाय आलात?"

"जरा कंबर धरलीय दादा," वाळू म्हणाला. "गाडी बरी हाय ना?"

"गाडीला काय झालंय?"

"नाय, काय नाय. इचारलं आपलं."

धाऊ फोन ठेवून गिरजाकडे वळला. "गाडी बरी हाय ना म्हणून का इचारलं त्यांनी?"

गिरजा भाकरी थापत होती. नवऱ्याचा हा स्वभाव तिने पदरात घेतला त्याला जमाना झाला होता. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर धरून बघायचा, एसटीत सुट्टे पैसे मोजून पुन्हा मोजायचा, सख्ख्या पाव्हण्याने चहा घेतला नाही तरी ह्याला वाटायचं, का बरं घेतला नसेल. गाव पाठीमागे ह्याला शंकासूर म्हणतं, हे तिला माहीत होतं.

"त्यांची बी गाडी हाय. इचारतील नायतर काय?" ती म्हणाली.

पण चार दिवसांत ट्रॅक्टरने धाऊला खरं ठरवलं. सकाळी सेल्फ मारला तर आतून नुसतं 'कट' झालं. बॅटरी उतरलेली. शेजारच्या पोरांनी उतारावर ढकलून ट्रॅक्टर सुरू करून दिला. धाऊने बोर्डावरच्या चार्जिंगच्या काट्याकडे पाहिलं. इंजिन जोरात फिरत होतं आणि काटा मधल्या रेघेवर मेल्यासारखा पडून होता. म्हणजे डायनॅमो बॅटरीत काहीच भरत नव्हता.

मग त्याने ट्रॅक्टर बारकाईने पाहायला घेतला. इतके दिवस जे दिसलं नव्हतं ते एकेक दिसू लागलं. डायनॅमोच्या नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. बाकी सगळीकडे तेलाचा थर आणि तेवढे नट चकचकीत. म्हणजे हल्लीच कोणीतरी डायनॅमो उतरवला होता. क्लचच्या पेडलवर सुतळीने लाकडाचा एक ठोकळा बांधलेला होता. आणि सीटच्या पाठीशी जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी तारेने आवळून बसवलेली.

धाऊ त्या ठोकळ्याकडे बघत राहिला. वाळू चांगला उंचापुरा गडी. त्याचा पाय क्लचला सहज पोचायचा. हा ठोकळा कोणासाठी? कोणीतरी बुटका माणूस हा ट्रॅक्टर चालवत होता. म्हणजे भागीचा ट्रॅक्टर आपल्याला न सांगता भाड्याने फिरत होता.

"आणि डायनॅमो बदललाय," तो रात्री जेवताना गिरजाला म्हणाला. "जुना चांगला काढून घेतला नि भंगारातला बसवला."

"दाजींनी? अवो, काय तरी बोलू नका."

"गेल्या साली ते काय म्हणाले हुते? माळशेजच्या वाटेवरचा रिसॉर्टवाला ट्रॅक्टर मागतोय, दारात शोभेला ठेवायला. हसत सांगितलं, पण सांगितलं ना?"

गिरजा गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचाही त्याने अर्थ लावला.

शहापूरच्या नाक्यावर आदेशचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. धाऊने त्याला घरीच बोलावलं. आदेश मोटारसायकलवर पेटी बांधून आला, डायनॅमो बघितला आणि म्हणाला, "काका, काढून दुकानात नेतो. बाकावर लावून तपासतो. संध्याकाळी आणून देतो."

"न्यायचा नाय," धाऊ म्हणाला. "काय करायचं ते हितं, माझ्यासमोर."

आदेशला असल्या गिऱ्हाइकांची सवय होती. त्याने गोणपाट पसरलं आणि डायनॅमो खाली उतरवला. धाऊ स्टूल घेऊन त्याच्या डोक्यावर बसला. डायनॅमो हातात येताच त्याने तो आधी स्वतःकडे ओढला, फडक्याने पुसला आणि उलटा केला. बुडाशी त्याच्या वडलांनी छिनीने मारलेली फुली होती. धाऊने फुलीवरून अंगठा फिरवला. डायनॅमो तोच होता.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो गोंधळला. चोरी झाली नव्हती, तर उतरवला कशाला?

आदेशने झाकण उघडलं. "आत घासून झिजतात ते कार्बन नवीन घातलेत बघा. चांगले घासून बसवलेत. ज्यानं काम केलंय त्याचा हात बसलेला हाय." मग त्याने वायरींकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण हे काय करून ठेवलंय?"

"काय?"

"डायनॅमोवर दोन तोंडं असतात काका. ह्या मोठ्या तोंडातून करंट बाहेर जातो, तिथं पिवळी वायर. ह्या बारक्यातून आतल्या गुंडाळीला करंट मिळतो, तिथं हिरवी. कोणीतरी उलटं जोडलंय. पिवळीच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी पिवळी. मग चार्जिंग कसं होणार? वर बॅटरीतला करंट मागं फिरू न देणारा ह्या डबीतला कटआउट पण जळलाय." त्याने काळे पडलेले पॉइंट दाखवले. "वायरी दोन्ही एकाच जाडीच्या हायत, पण रंग तर दिसतो ना. आंधळ्यानं जोडल्यागत काम हाय."

धाऊच्या कानात पुढचं काही शिरलं नाही. वाळू ह्या ट्रॅक्टरचा नट न् नट ओळखतो. त्याच्या हातून चूक होणं शक्य नाही. आणि चूक नसेल, तर मुद्दाम केलेलं. ट्रॅक्टर सापगावात बंद पडावा, धाऊ वैतागावा, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, द्या विकून त्या रिसॉर्टवाल्याला. सगळं कसं जागच्या जागी बसलं.

"जोडून देऊ सरळ?" आदेशने विचारलं. "कटआउट मात्र ह्या जुन्या मॉडेलचा मिळणार नाय. नव्या पद्धतीचा बसवावा लागेल."

"काय करू नको," धाऊ म्हणाला. "आहे तसं राहू दे. मला दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी कोणाला न कळवता तो निघाला. किन्हवली, सरळगाव करत दोन एसट्या बदलून टोकावड्याला उतरला. पुढची गाडी यायला वेळ होता. हॉटेलच्या बाकावर रानातली डिंकाची पुडकी घेऊन कमळू बसला होता. वरच्या वाडीतला हा म्हातारा वाळूच्या शेतावर मळणीला यायचा, धाऊला तोंडओळखीने ठाऊक होता. धाऊने त्याला चहा सांगितला.

"यंदा मळणीला ट्रॅक्टर कोण चालवत हुतं रे?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

कमळूने बशीतला चहा ओढला. "चालवत हुतं घरचंच मानूस."

"घरचं म्हणजे? वाळू?"

"मी काय बोलनार बाबा. तुमी पावनं, जाऊनशी बघा." म्हातारा पुडकी उचलून उठला आणि अर्धा चहा तसाच टाकून रस्त्यापलीकडे गेला.

धाऊची खात्री पटली. सगळा गाव सामील होता.

वैशाखऱ्याला उतरून तो रस्त्याने गेला नाही. बांधाबांधाने मागून घराकडे आला आणि कुंपणाच्या कुडाआड उभा राहिला. अंगणात वाळू एकटाच बसला होता. पुढ्यात सुपात वालाच्या शेंगा. तो सोलत होता, आणि कंबर धरलेल्या माणसासारखा अजिबात बसलेला नव्हता. ताठ, मांडी घालून. धाऊच्या तोंडात कडू हसू आलं. चोर रंगेहाथ सापडल्यासारखं वाटून तो दबक्या पावलांनी अंगणात शिरला.

पायाखाली पाचोळा वाजला. वाळूने मान वर केली.

"कोन?"

धाऊ बोलला नाही. त्याला बघायचं होतं, आपल्याला अचानक समोर बघून ह्याचा चेहरा कसा पडतो.

वाळू त्याच्याकडेच पाहत होता. अगदी समोर, चार हातांवर. चेहरा पडला नाही. ओळखीचं काहीच त्यावर उमटलं नाही. मान मात्र थोडी तिरकी झाली, जणू तो कडेने, कानाच्या बाजूने बघायचा प्रयत्न करत होता.

"कोन हाय? बोला ना." त्याच्या आवाजात आता किंचित भीती होती. त्याने हात पुढे केला, आणि तो हात सुपाच्या काठाला लागला. सोललेले वाल अंगणभर सांडले. वाळू खाली वाकला आणि तळहाताने जमीन चाचपू लागला. एक दाणा त्याच्या गुडघ्याजवळ, उन्हात, पांढरा स्वच्छ पडला होता. त्याचा हात दोनदा त्याच्या बाजूने गेला.

धाऊ एक पाऊल पुढे झाला.

"दाजी," तो म्हणाला. "मी हाय. धाऊ."

वाळूचा हात जागच्या जागी थांबला. मग म्हणाला, "दादा, तुमी इथं किती वेळचे उभे हाव?"

धाऊ खाली बसला आणि सांडलेले वाल वेचू लागला. दोघंही वेचत राहिले.

तेवढ्यात चंद्रकला शेतावरून आली. डोक्यावर गवताचा भारा, लहानखुरी, धाऊच्या खांद्याला लागणारी. भावाला बघताच तिने भारा तिथेच टाकला. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

"लपूनछपून आलास?" ती म्हणाली.

"तुमी लपवलंत म्हणून आलो. तो ठोकळा तुझाच ना? क्लचवरचा?"

"माझाच. गेल्या सालापास्नं मीच चालवते. चिखलणी मी केली, मळणी मी केली. सापगावलाबी मीच आणून सोडला असता. पण तू दारात बघितलं असतंस नि दहा प्रश्न इचारले असतेस."

"आणि वायरी?"

चंद्रकलेने नवऱ्याकडे पाहिलं. बोलला तो वाळू. "वायरी मी जोडल्या. उलट्या झाल्या का?"

"झाल्या," धाऊ म्हणाला.

वाळूने हळूहळू मान हलवली. डोळ्यांच्या मागची नस सुकत चालली आहे, असं डॉक्टरने सांगितल्याला वर्ष होऊन गेलं होतं. आधी रंग गेले. लाल, हिरवं, पिवळं सगळं राखेसारखं एक झालं. मग समोरचं माणूस गेलं, नुसती कडेची सावली राहिली. वाळूच्या आईलाही म्हातारपणी तसंच झालं होतं. हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं, मग तो वायरींवर आला.

"कार्बन झिजले हुते. मी म्हटलं, हे तरी मला करता येईल. हाताला सगळं ठाऊक हाय. पूर्वी मीच दोन्ही वायरी एका जाडीच्या घातल्या, तेच नडलं."

"मी बाजूलाच हुते," चंद्रकला म्हणाली. ती भावाकडे बघत नव्हती. "मला दिसलं, पिवळी दुसरीकडं जातेय. पुरतं ठाऊक नव्हतं, पण वाटलं. बोलले असते तर... दिवसभर बसून त्यांनी तेवढं एक काम केलं हुतं दादा. मी नाय बोलले."

धाऊला आदेशचे 'आंधळ्यानं जोडल्यागत' हे शब्द आठवले, आणि आपण ते कसे ऐकले तेही.

"मला तरी सांगायचं," तो म्हणाला. "भाऊ ना मी तुझा?"

"तुला?" चंद्रकला उसळली. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय. रेश्माचं लग्न जमत आलंय मुरबाडला. आजीचे डोळे गेले, बापाचे चालले, असं त्यांच्या कानावर गेलं तर पोरीकडं कोणत्या नजरेनं बघतील? आणि तू तर इचारता इचारता सगळ्या तालुक्याला सांगून आला असतास. खरं सांग, आज इथं येईपर्यंत कोणाला काय काय इचारलंस?"

कमळूचा अर्धा टाकलेला चहा धाऊच्या डोळ्यांपुढे आला.

संध्याकाळी रेश्मा आली. वाळूची ही एकुलती मुलगी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती. मामाला बघून ती आधी हरखली, मग घरातली शांतता तिला कळली. चंद्रकलेने तिला आत ओढून कुजबुजत सांगितलं. रेश्मा बाहेर आली ती सरळ बापासमोर बसली.

"बाबा, एक सांगू? अक्षयला ठाऊक हाय."

अक्षय म्हणजे ज्याच्याशी जमत होतं तो मुलगा.

"काय ठाऊक हाय?" वाळूने विचारलं.

"तुमच्या डोळ्यांचं. पहिल्यांदा बोललो तेव्हाच मी सांगितलं. उद्या कोणीतरी सांगणार, मग तो मला इचारणार, तू का लपवलंस. सगळा जन्म त्याच्या डोळ्यांत ते बघायचं? मला नाय जमणार."

चंद्रकला उंबऱ्यावर बसली. वाळूचा चेहरा आधी काळवंडला. मुलीने आपल्याला न विचारता आपलं दुखणं परक्याच्या पुढ्यात ठेवलं, हे त्याला लागलं होतं. "मला तरी सांगायचं," एवढंच तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता थांबला, कारण हेच वाक्य दुपारी धाऊच्या तोंडून ऐकलं होतं.

"त्याच्या घरच्यांना?" धाऊने विचारलं. शंका शेवटी शंकाच.

"त्याच्या आईला सांगितलंय. ती म्हणाली, पोरीचे डोळे तपासून घ्या. मी म्हटलं, घेते, पण पोराचेबी तपासा." रेश्माच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "माझे चांगले निघाले. त्याला चष्मा लागला."

त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि तो वाळू होता.

पुढच्या रविवारी तिघंही सापगावला आले. वाळूने येताना बिस्किटाच्या डब्यातून एक जुना कटआउट आणला होता. कुठल्याशा भंगारातून काढून त्याने तो कधीचा जपून ठेवला होता. धाऊने आदेशला भरलेली बॅटरी घेऊन बोलावलं. पण वाळूने पाना मागितला तेव्हा धाऊने डोळ्यांनीच आदेशला मागे सरायला सांगितलं.

वाळूने कटआउट बसवला. बोटांनी स्क्रू शोधले, आवळले, पुन्हा चाचपले. वायरींपाशी आला तेव्हा त्याचे हात थांबले. चंद्रकलेने तोंड उघडलं आणि मिटलं.

धाऊने पिवळी वायर उचलून त्याच्या बोटांत दिली. "ही पिवळी, दाजी."

वाळूने खिशातून सुताचा तुकडा काढून, पुढे हाताला ओळखू यावी म्हणून, त्या वायरीला दोन गाठी मारल्या आणि मग ती मोठ्या तोंडाला जोडली. हिरवी त्याने मोकळीच ठेवली. "आता बॅटरीची एक टिचकी द्यायची. इतके दिवस उलटा हुता, आतली चुंबकी मेली असेल. दादा, बॅटरीवरून ही जादा वायर घ्या आणि ह्या बारक्या तोंडाला नुसती लावून काढा. धरून ठेवू नका."

"मी?" धाऊने आदेशकडे पाहिलं. आदेशने मान डोलावली. धाऊने श्वास रोखून वायर टेकवली. ठिणगी उडाली, तसा त्याने हात झटकन मागे घेतला. गिरजा दारातून हसली.

मग हिरवी जोडली. चंद्रकला चढून बसली, ठोकळ्यावर पाय ठेवला आणि इंजिन सुरू केलं. सगळं अंगण थरथरलं.

"काटा कुठं हाय?" वाळू ओरडला.

धाऊ बोर्डावर वाकला. चंद्रकलेने रेस वाढवली. काटा मधल्या रेघेवरून हलला, थबकला आणि उजवीकडे सरकला.

"चार्जिंगला गेला!"

"खरं सांगता का?" वाळूने विचारलं. "का माझं मन राखायला?"

आयुष्यभर धाऊने लोकांना हाच प्रश्न विचारला होता. समोरच्याने शपथ घेतली तरी त्याचं समाधान होत नसे, मग वाळूचं कसं व्हावं? त्याने वाळूचा हात धरला, ट्रॅक्टरच्या पुढे नेला आणि दिवे लावले. वाळूचा तळवा दिव्याच्या काचेवर ठेवला.

"चंद्रे, रेस कमी कर," तो ओरडला. "आता वाढव. आणखी."

इंजिन चढलं तसा दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. वाळूच्या बोटांच्या फटींतून उजेड बाहेर आला, आणि तळव्याखाली काच तापत गेली. वाळूने हात काढला नाही. काच चांगलीच चटका देईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"भरतोय," तो म्हणाला.

दुपारी जेवणं झाली. आदेश कधीच गेला होता. निघायच्या वेळी चंद्रकला धाऊला बाजूला घेऊन म्हणाली, "चिखलणीच्या आधी मी स्वतः येईन ट्रॅक्टर न्यायला. भर दिवसा, शहापूर नाक्यावरून. लोक काय म्हणायचं ते म्हणू दे."

"ये," धाऊ म्हणाला. मग त्याच्याच्याने राहवलं नाही. "पण तू वळणावर रेस कमी करतेस ना?"

"नाय करत," चंद्रकला म्हणाली आणि एसटीकडे चालू लागली.